थंडीने पांढरी पडणारी बोटे: एका संधिवात तपासणी केंद्रातील निदानसेवेचे परीक्षण

थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकू लागतात, असे सांगितल्यावर अनेकांची ‘अंगात रक्त कमी असेल’ एवढ्यावर बोळवण होते. ज्या संधिवात तपासणी केंद्राविषयी येथे लिहीत आहे, तेथे तसे झाले नाही. तेथील निदानाची पद्धत मला उत्तम वाटली; निष्कर्ष रुग्णापर्यंत पोहोचवण्याची पद्धत मात्र तितकीशी पटली नाही.

रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी खोदून खोदून प्रश्न विचारले, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. पांढऱ्या पडलेल्या भागाची कड स्पष्ट दिसते का, त्रास दोन्ही हातांना सारखाच होतो का, बोटांच्या टोकांवर कधी जखम होऊन ती चिघळली का, घास गिळताना अडकतो का, तोंड आणि डोळे कोरडे पडतात का, हे सर्व त्यात आले. ड्रिलसारखी हादरे देणारी यंत्रे हाताळता का, असेही विचारले गेले, कारण अशा यंत्रांवर वर्षानुवर्षे काम केल्याने बोटांतील रक्तवाहिन्यांना आणि नसांना इजा होते. चालू औषधांची यादी तर ओळीने तपासली गेली. रक्तदाबासाठी घेतली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे, अर्धशिशीवरचे अर्गोटामाइन, कर्करोगावरील ब्लिओमायसिन यांनीही हा त्रास उद्भवू शकतो किंवा बळावू शकतो, आणि घाईच्या तपासणीत नेमका हाच धागा सुटतो. मोबाइलमधील छायाचित्रे डॉक्टरांनी मोठी करून पाहिली. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावले नाही, हेही योग्यच झाले. ती चाचणी क्लेशदायक असते आणि तिच्या निकालावर विसंबता येत नाही.

रेनॉड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या त्रासाचे वर्णन फ्रेंच वैद्य मॉरिस रेनॉ यांनी 1862 मध्ये केले. थंडीत त्वचेकडील रक्तप्रवाह कमी होणे स्वाभाविकच आहे. येथे मात्र बोटांतील बारीक धमन्या गरजेपेक्षा फार जास्त आवळतात, आणि मानसिक ताणही त्याला पुरतो. प्राथमिक प्रकारात मागे दुसरा आजार नसतो, तो बहुधा तरुणपणी सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. दुय्यम प्रकारामागे स्क्लेरोडर्मा (त्वचा जाड आणि ताठर करणारा आजार) किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) यांसारखे कारण असू शकते. स्क्लेरोडर्माच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना हा त्रास होतो आणि कित्येकदा तो इतर लक्षणांच्या काही वर्षे आधी दिसतो, म्हणूनच हा भेद करण्याला एवढे महत्त्व आहे.

त्यासाठी येथे होणारी नेलफोल्ड कॅपिलरोस्कोपी मला विशेष आवडली. नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शक कॅमेरा टेकवला जातो. सुई नाही, वेदना नाही. पडद्यावर माझ्या केशवाहिन्या केसांच्या आकड्यांसारख्या एका ओळीत उभ्या दिसल्या. निरोगी माणसात एका मिलिमीटरमध्ये असे सात किंवा अधिक वेढे असतात. वेढा 50 मायक्रॉनपेक्षा जास्त फुगलेला असणे, मध्येच रिकामी जागा दिसणे, बारीक रक्तस्रावाचे ठिपके आढळणे या खुणा स्क्लेरोडर्माच्या दिशेने बोट दाखवतात. तंत्रज्ञांनी अंगठे सोडून आठही बोटे पाहिली, घाई केली नाही. त्याआधी हात सामान्य तापमानाला यावेत म्हणून बसवून ठेवले होते, पण ते बसणे वातानुकूलित आणि चांगल्याच गार खोलीत होते. ज्यांना थंडीचाच त्रास आहे, अशांसाठी ही व्यवस्था कोणी केली असावी, हे कोडेच आहे.

रक्ताच्या चाचण्या मोजक्याच सांगितल्या: हिमोग्राम, शरीरातील दाह दाखवणारी ईएसआर, थायरॉइड आणि एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे शोधणारी चाचणी. विशिष्ट प्रतिपिंडांच्या महागड्या तपासण्या आधीचे निकाल पाहून ठरवू, ही भूमिका मला प्रामाणिक वाटली. तक्रार आहे ती अहवालाबद्दल. एएनए सौम्य प्रमाणात ‘पॉझिटिव्ह’ असल्याची ओळ कोणत्याही खुलाशाविना छापून हाती दिली गेली. निरोगी माणसांतही असे आढळते, हे पुढच्या भेटीपर्यंत कोणी सांगितले नाही, आणि मधल्या काळात माणूस नको ते वाचत बसतो. नखांना रंग लावू नये, नखांच्या मुळाशी असलेली कातडी काही आठवडे कापू नये, ही सूचनाही वेळ ठरवतानाच द्यायला हवी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना केवळ त्यापायी परत जावे लागले. शिवाय पायांची बोटे मी आठवण करून दिल्यावरच पाहिली गेली.

माझे निदान प्राथमिक प्रकाराचे झाले. बोटे सुजली, जखम झाली किंवा त्रास एकाच हातापुरता राहू लागला तर लगेच या, असे कागदावर लिहून मिळाले. दोन्ही हातांना त्रास होणाऱ्यांनी आणि सोबत सांधेदुखी किंवा त्वचेत ताठरपणा जाणवणाऱ्यांनी येथे अवश्य जावे. एकाच हाताचा किंवा एकाच बोटाचा रंग बदलत असेल, तर मोठ्या धमनीत अडथळा आहे का हे पाहावे लागते. त्यासाठी लागणारी, ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी या केंद्रात होत नाही, तेव्हा अशांनी थेट रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे जाणे बरे.