दिनविशेषवालं टेबल कॅलेंडर: घ्यावं का?

अप्पा बळवंत चौकातून दीडशेला घेतलेलं, रोज एक पान फाडायचं तसलं. कंपनीचं नाव नाही लिहीत, पण आयडिया भारी आहे. २४ एप्रिलचं पान बघा ना, मास्टर दीनानाथांची पुण्यतिथी (१९४२), सचिनचा बर्थडे (१९७३) आणि पंचायत राज दिन, म्हणजे १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तो दिवस, सगळं एकाच पानावर. आणि २५ जूनला तर १९७५ ची आणीबाणी आणि बरोब्बर आठ वर्षांनी कपिलच्या टीमने लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला ४३ रन्सनी हरवलं ते, वर मदनमोहनचा जन्मपण, आमचे बाबा ते पान फाडूच देईनात, अजून फ्रिजवर चिकटवलेलंय.

आता तक्रार. २३ जुलैला टिळक जयंती आहे, असायलाच हवी, पण १९५२ ला त्याच तारखेला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझ घेतलं त्याचा पत्ताच नाही! मराठी कॅलेंडर ना हे?? आणि कागद इतका पातळ की एक ओढलं तर तीन येतात, मे महिन्याचा अख्खा एक आठवडा असाच गेला.

पाचपैकी साडेतीन.