'ओरिजिनल' रेडियंट सिल्व्हरगनच्या नावाखाली राइट केलेली सीडी : १९,१६० रुपये गेले

गेमचे १८,५००, कुरिअरचे ६६०. हातात आली ती घरच्या कॉम्प्युटरवर राइट करून वर लेबल चिकटवलेली सीडी.

गेम सेगा सॅटर्न या जुन्या गेम कन्सोलचा, जपानी, ट्रेझर कंपनीचा, १९९८चा. आर्केडमध्ये, म्हणजे गेम पार्लरमध्ये, तो सेगाच्याच एसटी-व्ही बोर्डवर चालायचा आणि ते बोर्ड म्हणजे आतून जवळपास सॅटर्नच. म्हणून घरच्या कन्सोलवर तो काटछाट न होता आला. शिवाय शस्त्रांची वाढवलेली पातळी सेव्ह करून पुढच्या डावात वापरता येते. मूळ प्रतीला भाव आहे तो यामुळे, आणि नकला निघतात त्याही यामुळेच.

पैसे देण्याआधी मी विकणाऱ्याकडे गेम चालतानाचा व्हिडिओ मागितला होता. डोळे झाकून पैसे टाकले नाहीत. पण त्या व्हिडिओतच सगळं दिसत होतं! कन्सोलच्या खाचेत कार्ट्रिज खोचलेलं होतं आणि गेमच्या आधी त्या कार्ट्रिजचा मेनू आला. विचारलं तर उत्तर आलं, "दादा, या गेमला रॅम कार्ट्रिज लागतं." लागत नाही. वाढीव रॅम लागते ती 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'सारख्या गेमना. हे मला पाठ आहे. तरी मीच त्याच्या वतीने कारण शोधलं : डिस्क जपानी, कन्सोल युरोपचा, रीजन लॉक (एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर न चालणं) ओलांडायला लोक ॲक्शन रिप्ले नावाचं कार्ट्रिज लावतातच. कारण खोटं नव्हतं, कुणालाही पटलं असतं. पण त्याच कार्ट्रिजमध्ये स्यूडो सॅटर्न हे सॉफ्टवेअर टाकलं की नकली डिस्कही चालते, हे त्या क्षणी आठवायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट.

खऱ्या डिस्कच्या बाहेरच्या काठावर सुरक्षेचं कडं असतं. ते घरच्या रायटरला लिहिता येत नाही आणि ते सापडलं नाही तर साधा सॅटर्न गेम सुरूच करत नाही. म्हणून व्हिडिओ मागाल तो जपानी कन्सोलवरचा, खाच रिकामी, डिस्क ठेवण्यापासून गेम सुरू होईपर्यंत एकाच शॉटमध्ये. कन्सोलच्या आत मॉडचिप (नकली डिस्क चालवू देणारी चिप) असेल तर तो व्हिडिओही फसवतो, तेव्हा डिस्कच्या चमकत्या बाजूचा पूर्ण काठ दिसणारा फोटो घ्याच. रंगावर जाऊ नका, फिकट सीडी-आर (घरी राइट करायची सीडी) फोटोत चांदीसारखीच दिसते. मला आलेल्या फोटोत फ्लॅशचा डाग होता आणि काठ कापलेला होता.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात गेलो तर "वस्तू मिळाली ना? मग दिवाणी बाब आहे." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते वाचून दाखवलं. त्यावर प्रश्न काय, तर "गेमच्या सीडीला साडेअठरा हजार कोण देतं?" किंमत जास्त असली की चोरी माफ होते का? बँक म्हणाली, यूपीआय तुम्हीच केलंत. विक्रीच्या ॲपने 'डिलिव्हर्ड' लिहून तक्रार बंद केली. तीन चकरा, अर्ज दोनदा लिहून दिला, पोच एकदाही नाही.

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. माझ्याकडे तो नव्हता आणि प्रत्येकाने पहिल्यांदा तोच मागितला. सरळ यूपीआयवर पैसे टाकू नका, समोरासमोर डिस्क लावून मगच द्या.

त्या माणसाची नवी जाहिरात परवा दिसली. गेम तोच, भाव १७,०००, आणि फोटोत डिस्कचा काठ कापलेला.