झीरोस्टॅट गन, कार्बन ब्रश आणि मुंबईची धूळ: रेकॉर्डवाल्यांनी आधी काय घ्यावं

आधीच सांगून टाकतो, झीरोस्टॅट गन, म्हणजे रेकॉर्डवरचा स्टॅटिक (घासून साचलेला विजेचा चार्ज) घालवायचं पिस्तुलासारखं यंत्र, चांगली आहे, जे सांगते ते करते, पण मुंबईत राहणाऱ्या माणसाने ती सगळ्यात शेवटी घ्यावी. आमच्याकडे पार्ल्यात चारी बाजूंनी रीडेव्हलपमेंट चालूय, समोरची बिल्डिंग पाडली, तिच्या मागची रिकामी झालीय, सकाळी पुसलेल्या टर्नटेबलच्या झाकणावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. अशा जागी रेकॉर्ड ऐकायची तर धूळ आणि स्टॅटिक हे दोन प्रॉब्लेम वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत आणि बाजारात मात्र दोन्हीवर एकच वस्तू पुढे केली जाते.

खर्च करायच्या आधी नुसतं कान देऊन ऐका. दर फेरीला त्याच जागी टक् होतंय, म्हणजे ३३ च्या एलपीवर दर १.८ सेकंदांनी, तर तो बहुतेक ओरखडा, त्याला गन काही करत नाही आणि ब्रशही काही करत नाही. सलग चरचर येतेय, सुरुवातीच्या कोऱ्या खाचांपासूनच येतेय, तर खाचेत घाण बसलीय. आणि मधेच कुठलाही नेम नसलेला कोरडा फट्ट, वर रेकॉर्ड उचलायला गेलं की तिच्याखालची मॅट पण चिकटून वर येते आणि हातावरचे केस उभे राहतात, हा स्टॅटिक. घुंsss अशी सलग हम येत असेल तर ती तिसरीच भानगड, टर्नटेबलची ती बारीक वायर फोनो स्टेजच्या (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या डब्याच्या) ग्राउंड स्क्रूला नीट कसलीय का बघा, त्या हमचा रेकॉर्डवरच्या चार्जशी संबंध नसतो, तरी लोक त्याच्यासाठीसुद्धा ब्रश विकत घेतात.

स्टॅटिक का होतो, तर रेकॉर्डचं विनाइल म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिक, त्यातून वीज वाहत नाही. रेकॉर्ड कागदी इनरमधून (जॅकेटच्या आतल्या पिशवीतून) सर्रकन ओढली, कोरड्या फडक्याने पुसली, की ती निगेटिव्ह चार्ज घेते आणि तो जायला वाट नसल्यामुळे तसाच धरून बसते. मग खोलीतली सगळी धूळ तिच्याकडे ओढली जाते. म्हणजे कोरड्या मायक्रोफायबरने आपण प्रेमाने रेकॉर्ड पुसतो तेव्हा जेवढी धूळ काढतो त्याहून जास्त धुळीची सोय करून ठेवतो. हवेत ओलावा असला की हा चार्ज हळूहळू निसटतो आणि इथेच मुंबईचा हिशोब युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळा होतो. तिथले रिव्ह्यू लिहिणारे हिवाळाभर हीटर लावून बसतात, त्यांच्या घरातली हवा खडखडीत कोरडी, त्यांना गन पहिली लागते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वरच, तेव्हा स्टॅटिक जवळजवळ नसतोच, उलट बुरशीची काळजी. खरा त्रास डिसेंबर ते मार्च, पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा सुटतो तेव्हा, आणि ज्यांची खोली दिवसरात्र एसीत असते त्यांना त्याच्या पुढे-मागेही थोडाफार, कारण एसी हवेतलं पाणी काढूनच घेतो.

आता वस्तू. कार्बन फायबर ब्रशपासून सुरुवात करा. ऑडिओक्वेस्टचा, प्रो-जेक्टचा, असे बरेच आहेत, तत्त्व एकच, केस कार्बनचे म्हणून वीज वाहून नेणारे, आणि हँडलचा भाग धातूचा, तिथे आपली बोटं लागली की चार्ज आपल्या अंगातून निघून जातो. त्यामुळे प्लॅस्टिकच्या टोकाला धरून वापरला तर अर्धं काम बुडालं, धातूला बोट टेकलेलं पाहिजे. पद्धत अशी की प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची थाळी, फिरू द्यायचा, ब्रश आडवा, केसांची टोकं रेकॉर्डला जेमतेम टेकतील एवढाच धरायचा, दाबायचा अजिबात नाही, दोन-तीन फेऱ्या जाऊ द्यायच्या, मग ब्रश किंचित कलता करून सावकाश बाहेरच्या कडेकडे सरकवत उचलायचा. नीट जमलं तर ब्रशच्या पुढे करड्या धुळीची एक बारीक रेघ गोळा होताना दिसते आणि ती रेघ तशीच्या तशी कडेवरून खाली उतरवायची असते. घाईत सरळ वर उचलला की ती रेघ तिथेच पडून राहते आणि सुई पहिल्याच फेरीत तिच्यात शिरते. हा ब्रश वरची ताजी धूळ काढतो, खाचेच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेली घाण त्याला निघत नाही. तरी प्रत्येक बाजू लावायच्या आधी हातात येणारी हीच एक वस्तू आहे आणि पैसे पहिल्यांदा इथेच घालावेत असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या नंबरला इनर. ह्याला कोणी महत्त्व देत नाही आणि मला ते खरंच खटकतं. जुन्या एलपी जुन्या कागदी इनरमध्ये असतात, कागद पिवळा पडलेला, त्याचा भुगा खाचेत, आणि प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना घर्षण. नागाओका किंवा मोबाइल फिडेलिटीचे अँटिस्टॅटिक इनर मिळतात, पॉलिथिनचे, मऊ, रेकॉर्ड त्यातून अलगद सरकते. इम्पोर्टेड म्हणून जड जातात, पण सगळ्या कलेक्शनला एकदम घ्यायची काही गरज नाही, ज्या पंचवीस-तीस रेकॉर्ड आपण खरोखर ऐकतो त्यांना आधी घ्या. मूळ इनरवर छापील काही असेल तर ते फेकू नका, जॅकेटमध्ये वेगळं सरकवून ठेवा. आणि धुतलेली रेकॉर्ड परत जुन्या इनरमध्ये घालू नका, एवढं तर कराच.

मॅटचं थोडक्यात. बऱ्याच टर्नटेबलवर येते ती फेल्टची मॅट स्टॅटिकच्या दिवसांत रेकॉर्डला चिकटून वर येते, मग ती मधेच सुटून पडते, कधी टोनआर्मवर (सुईच्या दांडीवर) पडते, सुई जायला तेवढं पुरे. शिवाय फेल्ट धूळ धरून ठेवतं. कॉर्क किंवा रबराची टाका, फरक लगेच दिसतो. जाडी बघून घ्या, टोनआर्मची उंची अॲडजस्ट होत नसेल तर जुन्या मॅटच्या जवळपास जाडीचीच घ्या. झाकणसुद्धा कोरडं पुसू नका, ॲक्रिलिक घासलं की चार्ज होतं आणि पुसून झाल्यावर आधीपेक्षा जास्त धूळ ओढतं. ओलसर फडकं, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, बस.

आता धुणं, ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण सेकंडहँड घेणाऱ्यांचं खरं काम इथे होतं. चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा फोर्टच्या फुटपाथवर जी रेकॉर्ड मिळते तिच्यावर चाळीस-पन्नास वर्षांची बोटं असतात, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातलं तेल, सगळं एकजीव झालेलं. एका दुकानात (नाव घेत नाही) मला एक एलपी दाखवली ती आरशासारखी चमकत होती, उजेडात तिरकी धरली तर पृष्ठभागावर फडक्याचे गोल गोल तेलकट फराटे दिसत होते, कुठलंतरी पॉलिश मारलेलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, मिंट कंडिशन आहे." मी तिथेच ठेवली आणि आलो. असा माल घेऊ नका, त्या तेलात धूळ बसून जो लगदा होतो तो खाचेतून काढणं महाकठीण, आणि सुईला लागतो तो वेगळाच.

धुण्यासाठी स्पिन-क्लीनसारखं हाताने फिरवायचं मशीन असेल तर उत्तम, रेकॉर्ड उभी, दोन ब्रशांच्या मधून पाण्यात फिरते, लेबल वरच राहतं. नसेल तर लेबलवर प्लॅस्टिकची गोल चकती लावून आडवी धुता येते, वेळ लागतो एवढंच. पाणी डिस्टिल्ड, गाडीच्या बॅटरीत घालतात ते चालतं. नळाचं नको, आणि ज्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं तिथे तर नकोच, ते वाळलं की क्षार खाचेतच राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड साफ करायला विकतात तेच, किंवा प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे. पाण्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढं अल्कोहोल आणि वेटिंग एजंटचे (पाणी पसरवणाऱ्या साबणासारख्या द्रवाचे) दोन-चार थेंब, म्हणजे पाणी खाचेत उतरतं, वरवर थेंब होऊन बसत नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्यायचं, हे लोक कंटाळून सोडतात आणि मग म्हणतात धुऊनपण चरचर आहेच, ती साबणाची असते. वाळवताना पंख्याखाली ठेवू नका, पंखा खोलीतली धूळ ओल्या रेकॉर्डवर आणून चिकटवतो. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी, बंद खोलीत. पावसाळ्यात वाळायला खूप वेळ लागतो, पूर्ण वाळल्याशिवाय आत घातली तर बुरशी ठरलेली, म्हणून मी धुण्याचं काम थंडीतच उरकतो.

घरात आजोबांच्या वेळच्या ७८ च्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एकदा पृष्ठभाग गेला की गेला. त्यांना डिस्टिल्ड पाणी आणि अगदी सौम्य साबण, तोही पटकन, आणि लगेच पुसून कोरडी. कोणी कोणी रेकॉर्डवर फेव्हिकॉलसारखा गोंद ओतून वाळवून त्याची साल काढायला सांगतात, ते मी कुठल्याच रेकॉर्डला करणार नाही. साल ओढताना जबरदस्त स्टॅटिक तयार होतो आणि एक तुकडा खाचेत राहिला तर बसा शोधत.

एवढं सगळं करूनही जानेवारीत फट्ट फट्ट राहिलंच तर आली आपली गन. मिल्टी कंपनीची झीरोस्टॅट, मूळ डिझाइन १९७० च्या दशकातलं, बॅटरी नाही, वायर नाही. आत पिझो क्रिस्टल, म्हणजे दाबला की वीज तयार करणारा स्फटिक, ट्रिगर दाबला की पॉझिटिव्ह आयन बाहेर, सोडला की निगेटिव्ह. रेकॉर्डपासून फूटभर वर धरायची, ट्रिगर एकदम सावकाश दाबायचा, तितकाच सावकाश सोडायचा, कट् असा आवाज आला तर ठिणगी पडली, म्हणजे तुम्ही घाई केलीत, परत करा. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) जवळ वापरू नका, हाय व्होल्टेज आहे, मी तर आधी ॲम्पचा आवाज पूर्ण खाली करतो. परिणाम खरा आहे, कोरड्या हवेत ज्या रेकॉर्डला मॅट चिकटून वर येत होती ती गन मारल्यावर आपोआप सुटते, आणि नंतर ब्रश फिरवला की धूळ हट्ट न करता निघते, म्हणून क्रम नेहमी गन आधी आणि ब्रश नंतर. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना तिची किंमत लगेच कळेल, सुरुवातीला नुसत्या तानपुऱ्यावर गवई षड्ज लावत असतो, त्या शांततेत एक फट्ट आला तरी लक्ष उडतं, ढोलकीच्या लावणीत तोच फट्ट ऐकूसुद्धा येत नाही. पण गन धूळ काढत नाही, घाण काढत नाही, आणि मुंबईत ती वर्षातले तीन-चार महिनेच खरी कामाला येते, बाकी वेळ कपाटात. एसीत बसून ऐकणाऱ्यांनी ह्याच्यापेक्षा वरचा मार्क द्यावा, मी पाचपैकी साडेतीन देतो, कार्बन ब्रशला साडेचार.

सुईसाठी ऑनझोची झीरोडस्ट ही जेलची डबी मिळते, सुई वरून अलगद टेकवायची आणि उचलायची, गोळा झालेला केसाळ कचरा जेलला चिकटून येतो, आडवं घासायचं नाही. सुईचा ब्रश वापरणार असाल तर नेहमी मागून पुढे, कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) वाकेल अशा दिशेने कधीच नाही. बोटाने तर सुईला हात लावूच नका.

गन सेकंडहँड घ्यायची असेल तर टेस्टची छोटी टोपी सोबत मागून घ्या, ती नळीच्या तोंडावर बसते आणि आत बारीक निऑन दिवा असतो. दुकानात जरा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन टोपी लावून ट्रिगर दाबा, दाबताना आणि सोडताना दोन्ही वेळा दिवा चमकला पाहिजे. एकाच वेळी चमकला तर ती घेऊ नका, आणि टोपीच नाही म्हणाले तर चिकटणाऱ्या मॅटसकट एखादी रेकॉर्ड घेऊन जा आणि समोर उभं राहून करून दाखवायला सांगा.