पीसीचा २२००जी प्रोसेसर काढून ५६००जी बसवला, आठ महिन्यांनंतर सांगतोय

आमचा डेस्कटॉप २०१८ चा. एएमडीचा रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम. बायको घरी दहावीच्या गणिताचे क्लास घेते, त्याचे व्हिडिओ यावरच एडिट होतात आणि ४० मिनिटांचा धडा एक्सपोर्टला (एडिट झालेल्याची तयार फाइल काढायला) लावला की पाऊण तास पीसीला कोणी हात लावायचा नाही असं चाललेलं. दुकानात विचारलं तर म्हणाले सगळा सेटच नवीन घ्या. पण एएम४ सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हेच तर भारी आहे, त्याच बोर्डावर २०२१ चा ५६००जी चालतो, बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की झालं. ४ कोर ४ थ्रेडवरून थेट ६ कोर १२ थ्रेड (म्हणजे एका वेळी जास्त कामं), तेही त्याच ६५ वॅटमध्ये, त्यामुळे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जुनाच ठेवला. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे म्हणून वेगळं कार्ड नको. साधारण अकरा हजार गेले.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, नाहीतर नवीन टाकल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही. आमच्या जळगावात लाईटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टर फुल चार्ज झाल्यावरच सुरू केलं, अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड गेलाच समजा.

आणि प्लीज, कूलर सरळ वर ओढू नका!! सहा वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून दगड झालेली असते, एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि लॉक लावलेलं असलं तरी प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून वर येतो. माझा आलाच, कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या, काढायचाच होता म्हणून निभावलं. आधी पंधरा-वीस मिनिटं पीसी चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, प्रोसेसर बदलला की मागतं. विंडोज ११ पण आता रीतसर बसलं, २२००जी मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नव्हता आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होता.

तोच ४० मिनिटांचा धडा आता सोळा-सतरा मिनिटांत निघतो आणि तेवढ्या वेळात ती बाजूला प्रश्नपत्रिका टाईप करत बसते, आधी हे शक्यच नव्हतं. पहिल्या आठवड्यात मात्र मी खरंच नाराज झालेलो, एडिटिंगची टाईमलाईन अजून अडकत होती. कारण होतं ती एकटी रॅम. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एकच स्टिक असली की रॅमचा स्पीड निम्म्यावर येतो. तशीच दुसरी ८ जीबी टाकली आणि फरक लगेच दिसला, त्यामुळे बजेट काढताना रॅमचे पैसे धरूनच ठेवा.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेर ४४ डिग्री, सोबत आलेला छोटा कूलर, एक्सपोर्टला टेम्परेचर ८९-९० (लिमिट ९५ आहे), आणि फॅन एवढा ओरडायचा की रेकॉर्डिंगच्या माईकमध्ये यायचा. मग बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड (प्रोसेसर कमी वीज घेतो) लावला, टेम्परेचर ७८ च्या आसपास आलं आणि एक्सपोर्टला जेमतेम दोनेक मिनिटं जास्त लागतात. पाऊस सुरू झाल्यावरही परत ६५ वर नेलं नाही, फॅन कुठे वाजतोय तेच आता कळत नाही.