डबल सायलेन्सर बसवताना गाडीखालून काय काढून घेतात

कच्च्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं : ‘डबल सायलेन्सर, एसएस ३०४, लेबरसहित १८,०००’. एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक प्रत. गाडी जालना जिल्ह्यातली, बीएस-६ पिकअप, सोयाबीन-कांद्याची भाडी मारणारी. मालकच ड्रायव्हर. पैसे मोजले, आवाज भारी आला, मागच्या फाळक्याखाली डावी-उजवीकडे दोन चकचकीत तोंडं दिसायला लागली. आठ-दहा दिवसांत मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि भरलेली गाडी चढाला उचलेना. महिनाभराने खड्ड्यात गाडी आपटली की हौद्याखालून घण मारल्यासारखा ठोका यायला लागला. गाडी रॅम्पवर चढवल्यावर १८,००० रुपये हा तोट्याचा सगळ्यात लहान भाग निघाला.

आधी ‘डबल’ म्हणजे काय ते बघू, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. मोबाइलवर ज्या अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ फिरतात त्यांची इंजिनं बहुतेक व्ही-६ किंवा व्ही-८ असतात. सिलिंडरच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेला वेगळा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी, म्हणून दोन पाइप. ते पाइप मध्ये एच किंवा एक्स आकाराच्या तुकड्याने जोडतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. आपल्याकडची बोलेरो पिकअप २५२३ सीसीची, चार सिलिंडर एका रांगेत. योद्धा, डी-मॅक्स, अगदी हायलक्सही चार सिलिंडर एका रांगेतच. मॅनिफोल्ड एक, टर्बो एक, टर्बोतून धूर बाहेर पडायची वाट एक. चूल एक आणि धुराडी दोन, असला हा प्रकार. सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला वाय आकाराचा तुकडा जोडून एका पाइपचे दोन केले, एवढंच काम होतं.

‘दोन पाइप, म्हणून इंजिन मोकळा श्वास घेतं, अॅव्हरेज दोनने वाढतं’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. पाइपचं तोंड व्यासाच्या वर्गाने वाढतं. अडीच इंचाचा एक पाइप म्हणजे ६.२५, पावणेदोन इंचाचे दोन म्हणजे ६.१२. दोन पाइप लावूनही वाट तेवढीच राहिली, उलट दोन बेंड वाढले. दोन-दोन इंची पाइप लावले तर ८ होतात खरे, पण अडथळा त्या पाइपात नसतोच. तो त्याच्या आधी, टर्बो, फिल्टर आणि सायलेन्सरमध्ये असतो. विहिरीवरची मोटार तीच ठेवून शेवटच्या टोकाला दोन नळ्या लावल्या म्हणून पाणी वाढत नाही. आवाज बदलतो, दिसणं बदलतं. हौस म्हणून करायचं तर करावं, पण अॅव्हरेजच्या नावाने पैसे देऊ नयेत.

आता माल. या गाडीला ‘३०४’ म्हणून लावलेला पाइप २०२ या हलक्या प्रतीच्या स्टीलचा होता, म्हणजे घराच्या जिन्याला आणि गॅलरीला रेलिंगसाठी लावतात तोच. नवा असताना दोन्ही सारखेच चमकतात. लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, २०२ लाही चिकटत नाही. बेंडजवळ तर अस्सल ३०४ देखील किंचित ओढ घेतो. उलट कंपनीच्या सायलेन्सरमध्ये वापरतात त्या ४०९ ला चुंबक घट्ट चिकटतो आणि तो माल वाईट नसतो. चुंबकाने फक्त साधं क्रोम मारलेलं लोखंड पकडता येतं. या गाडीची दोन चकचकीत तोंडं नेमकी तशीच निघाली. २०२ ओळखायला स्टीलच्या दुकानात मिळणारा टेस्टिंगचा थेंब लागतो. थेंब टाकून वर छोटी बॅटरी टेकवली की २०२ वर तो लाल होतो, ३०४ वर होत नाही.

त्याहून सोपा उपाय आडतीतल्या काट्यावर आहे. दोन इंची स्टीलचा पाइप दीड मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला साधारण १.८४ किलो भरतो, एक मिलिमीटरचा असेल तर १.२४ किलो. बारा फुटी नळीत हा फरक सव्वादोन किलोच्या आसपास जातो. कापायच्या आधी नळी काट्यावर ठेवा. ‘सोळा गेज आहे’, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड, असं म्हणणाऱ्या दुकानदाराला त्यानंतर फार बोलावं लागत नाही. पातळ पाइप पहिल्यांदा वेल्डिंगच्या कडेला फुटतो, त्यातही रॉडने वेल्डिंग केलं असेल तर लवकर. स्टीलला आर्गन गॅसचं वेल्डिंगच हवं.

पण खरा घाव बसला होता तो फिल्टरच्या डब्यावर.

बीएस-६ डिझेल गाडीत सायलेन्सरच्या आधी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट आणि काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. कॅटॅलिस्टच्या जाळीवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा थर असतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ या कडक धूर-नियमाच्या झाल्या आणि प्रत्येक नव्या डिझेल पिकअपखाली हा ऐवज लटकायला लागला. मालकाला तो गंजका डबा वाटतो, फिटरला त्याची किंमत पाठ असते. ‘जुना माल राहू द्या, भंगारात घालतो, लेबरमध्ये पाचशे कमी करतो’ हे वाक्य कानावर आलं की हात जोडून गाडी बाहेर काढावी. जालन्याच्या भट्ट्यांत लोखंडाचं भंगार किलोवर जातं. ही जाळी तिकडे जात नाही, तिचे खरेदीदार वेगळे आणि दरही वेगळा.

या गाडीचा डबा जागेवरच होता, म्हणून मालकाला संशय आला नाही. वरच्या बाजूला, म्हणजे चेसीकडे तोंड करून, जिथे उभ्याने किंवा वाकूनही नजर जात नाही, तिथे हाताच्या पंजाएवढी खिडकी कापलेली होती. आतली जाळी फोडून काढली, पट्टी ठेवून वेल्डिंग मारलं आणि वर काळा स्प्रे. मोबाइलचा कॅमेरा वरून फिरवला तर वेल्डिंगची जाड शिवण स्पष्ट दिसत होती. बोटांनाही लागत होती. थंड डब्यावर लाकडाने टकटक केलं तर भरलेला डबा बद्द वाजतो, हा रिकाम्या पिंपासारखा घुमत होता.

दिवा का लागला तेही यातच आहे. डीपीएफच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या दाबाच्या सेन्सरला जातात. आत जाळीच नाही, मग भरपूर रेस दिली तरी दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखाच. कॉम्प्युटरला ते कळतं, आणि तो गाडीचा दम कमी करतो. दुकानातून निघताना स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला होता, म्हणून पहिले काही दिवस सगळं बरं वाटलं. तक्रार घेऊन गेल्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : ‘सॉफ्टवेअरमध्ये डीपीएफ बंद करून देतो, त्याचे वेगळे पैसे.’ एकाच चोरीची दोनदा वसुली.

ठोक्याचं कारण साधं होतं. पाइप रिकाम्या गाडीत बसवला. पोत्यांनी गाडी भरली की पाटे दबतात, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग वर येतं आणि त्यावरून नेलेला पाइप त्यात सापडतो. हाउसिंग आणि बंप रबर यांच्यातलं अंतर टेपने मोजावं, तेवढं अंतर सोडून वर आणखी निदान एक इंच जागा हवी. शिवाय पाइप रबरवर लटकवायच्या ऐवजी चेसीला पट्टीने वेल्ड केला होता. इंजिन हलतं, चेसी त्या मापाने हलत नाही, आणि सगळा ताण टर्बोजवळच्या बोल्टांवर जातो. दुसरा पाइप डिझेलच्या टाकीपासून तीन बोटांवरून नेला होता, मध्ये पत्राही नाही. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत काजळी जळताना आत ५५० ते ६०० अंश तापमान होतं. अशा गाडीत कडबा किंवा कापूस भरून पाइपचं तोंड बाजूला काढणं म्हणजे काडी ओढण्यासारखंच. खाली लोंबणारा पाइप पावसाळ्यात पाणंदीच्या काळ्या चिखलात काय होतो, ते गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कायद्याचा फटका दुकानदाराच्या आधी मालकाला बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज-धुरासाठी कलम १९०(२) वेगळं, पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पासिंगला गाडी अडकते ती अडकतेच.

काम करायचंच ठरलं तर वायचा तुकडा सायलेन्सरच्या मागेच जोडा, पुढच्या कशालाही हात लावू देऊ नका. गाडी आत घालण्याआधी डब्याचे चारही बाजूंनी, वरूनसुद्धा, फोटो काढा. डब्यावरचा पार्ट नंबर आणि सेन्सरच्या वायरी फोटोत याव्यात. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या कड्यांच्या, बोल्टांवर रंगाची रेघ ओढून ठेवा, खोलले तर रेघ तुटते. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली आणि वेल्डिंग मशीनची अर्थ-वायर जोडाच्या जवळ लावलेली हवी, नाहीतर कॉम्प्युटर जायची भीती. आणि गाडी सोडून चहाला जाऊ नका.

फसवणूक झालीच असेल तर आधी जुळवून घ्यायला जाऊ नका, डबा तसाच ठेवून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी घ्या. मालकाला न विचारता काढलेला भाग ही पोलिसांत द्यायची तक्रार आहे, भारतीय न्याय संहितेत विश्वासघात कलम ३१६ आणि फसवणूक ३१८. पैशांसाठी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ‘गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा म्हणेल. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे, ते ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. आयोगात कच्चा कागदही दाखवता येतो, म्हणून तो फाडू नका. पैसे फोनवरून दिले असतील तर त्या दिवसाची नोंद आजच काढून ठेवा.