आयर्लंडमध्ये फ्रीलान्स करताय? सोल ट्रेडर, लिमिटेड की अम्ब्रेला

‘कॉन्ट्रॅक्टवर जातोय, कंपनी काढू का?’ हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. बहुतेक वेळा डब्लिनच्या लुकन किंवा ब्लँचर्ड्सटाउन या उपनगरांतून, आणि का कोण जाणे, नेहमी रविवारी रात्री. विचारणाऱ्याच्या डोक्यात साडेबारा टक्के हा आकडा पक्का बसलेला असतो. माझ्या पगारावर चाळीस टक्के, कंपनीला साडेबारा, मग अडलंय कुठे?

मी अकाउंटंट नाही. टेक्निकल रायटिंग करते. आधी नोकरी केली, आता चार वर्षं स्वतःचं काम आहे. खालचे आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत. इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, त्यामुळे ३१ मार्चची सवय आधी डोक्यातून काढा.

त्याच्याही आधी कार्ड बघा

तुमच्या आयआरपी कार्डावर (इथल्या वास्तव्याच्या परवान्यावर) कुठला स्टॅम्प आहे, यावर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. स्टॅम्प ४ असेल किंवा नागरिकत्व मिळालं असेल तर मोकळं रान. स्टॅम्प १ वर, म्हणजे परमिटच्या नोकरीवर असाल, तर बाजूला स्वतःचा धंदा करता येत नाही. विद्यार्थ्यांच्या स्टॅम्प २ वरही नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती स्टॅम्प १जीवर आलेल्या नवऱ्याची किंवा बायकोची. नोकरी कुठलीही करता येते, म्हणून फ्रीलान्सही चालत असेल असं वाटतं. ते चालत नाही. घरी बसून दोन तास डिझाइनचं काम करायला हा मार्ग सगळ्यात सोयीचा वाटतो आणि नेमका तोच बंद असतो.

नोकरी सांभाळून थोडं काम

नोकरी चालू आहे आणि वरून खर्च वजा जाता वर्षाला ५,००० युरोच्या आत सुटतात (एकूण जमा ३०,००० च्या आत), तर फॉर्म १२ (नोकरदाराचं साधं रिटर्न) पुरतो. मायअकाउंट या ऑनलाइन खात्यात आकडा टाकायचा, रेव्हेन्यू (इथलं कर खातं) पुढच्या टॅक्स क्रेडिटमधून कर वळता करून घेते. चलन नाही, अकाउंटंट नाही. फक्त तुमचा पगार ४४,००० च्या वर असेल तर या वरकमाईवर पहिल्या युरोपासून ४० टक्के आणि यूएससीचे (युनिव्हर्सल सोशल चार्ज, आयकराखेरीजचा आणखी एक कर) निदान ३ टक्के लागतात, म्हणजे ४,००० मधले निदान १,७२० इथेच गेले. पाच हजारांची रेघ ओलांडली की तुम्ही ‘चार्जेबल पर्सन’ होता, आणि मग फॉर्म ११ ला (स्वतःच्या धंद्याच्या पूर्ण रिटर्नला) पर्याय नाही.

सोल ट्रेडर

म्हणजे कंपनी न काढता स्वतःच धंदा करणं. बहुतेकांनी इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. स्वतःच्या नावाऐवजी धंद्याला वेगळं नाव हवं असेल तरच कंपनी रजिस्ट्रेशन ऑफिसला २० युरो द्यायचे.

समजा तुम्ही एकटे आहात आणि खर्च जाऊन ६०,००० युरो नफा झाला. पहिल्या ४४,००० वर २० टक्के म्हणजे ८,८००, उरलेल्या १६,००० वर ४० टक्के म्हणजे ६,४००. त्यातून पर्सनल क्रेडिटचे २,००० आणि अर्न्ड इन्कम क्रेडिटचे २,००० वजा केले की उरले ११,२००. यूएससी साधारण १,३४६ आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) स्वतःचं काम करणाऱ्यांच्या क्लास एसचा २,४७५. एकूण पंधरा हजारांच्या आसपास. इतक्याच पगाराच्या नोकरदारालाही जवळजवळ तेवढंच पडतं. त्याच्या खिशातून ते दर महिन्याला जातात, त्यामुळे दिसत नाहीत.

तुम्हाला मात्र ते एकदम दिसतात, आणि तेही दुप्पट. आपल्याकडे अ‍ॅडव्हान्स टॅक्स चार हप्त्यांत भरतात. इथे प्रिलिमिनरी टॅक्स एकरकमी असतो, आणि त्याची तारीख गेल्या वर्षीचा हिशेब मिटवण्याच्या तारखेलाच येते : ३१ ऑक्टोबर. रॉसवरून (रेव्हेन्यूच्या ऑनलाइन सेवेवरून) रिटर्न भरून पैसेही तिथूनच दिले तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सवलत मिळते. २०२५ ला काम सुरू केलेल्या माणसाला पहिल्या वर्षी प्रिलिमिनरी सहसा लागत नाही, म्हणून तो निवांत असतो. २०२६ च्या शरदात रॉस उघडतो तेव्हा २०२५ चे पंधरा हजार आणि २०२६ पोटी गेल्या वर्षीच्या शंभर टक्के म्हणून आणखी पंधरा हजार समोर. तीस हजार युरो! माझ्या पहिल्या वेळी आकडा याहून लहान होता, तरी मी कॅल्क्युलेटर घेऊन तीनदा बेरीज केली होती. काम कमी झालं असेल तर चालू वर्षाच्या अंदाजाच्या ९० टक्के भरता येतात, पण अंदाज चुकला की दिवसाला ०.०२१९ टक्के व्याज. रिटर्नच उशिरा गेलं तर दोन महिन्यांच्या आत कराच्या ५ टक्के दंड, त्यापुढे १० टक्के.

माझा उपाय साधा आहे. प्रत्येक इन्व्हॉइसचे पैसे आले की त्याच दिवशी ३० टक्के दुसऱ्या खात्यात टाकते आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवत नाही.

खर्चाच्या बाबतीत भारतातली ४४एडीएची सवय मोडावी लागते. निम्मी जमा नफा धरून मोकळं होण्याची सोय इथे नाही, प्रत्येक पावती सहा वर्षं जपायची. फोन-वीज कामापुरती. दुपारचं जेवण नाही. १,६०० युरोचा लॅपटॉप घेतला तर वर्षाला २०० याप्रमाणे आठ वर्षं वजा होतो. आठ वर्षं चालणारा लॅपटॉप मी तरी पाहिलेला नाही.

सेवा देणाऱ्याची उलाढाल ४२,५०० च्या वर गेली की व्हॅटची नोंदणी लागते. ही उलाढाल असते, नफा नव्हे. इथे लोक हमखास गोंधळतात.

लिमिटेड कंपनी

आता त्या साडेबाराकडे येऊ. तो कर कंपनीच्या नफ्यावर असतो, तुमच्या खिशावर नव्हे. कंपनीतून पैसे पगार म्हणून घेतले तर त्यावर वरचाच आयकर लागतो. पंधरा टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या डायरेक्टरला नोकरदाराचं क्रेडिट मिळत नाही, अर्न्ड इन्कमचंच मिळतं, आणि निम्मे किंवा जास्त शेअर असतील तर पीआरएसआयही क्लास एसचाच. म्हणजे साठच्या साठ हजार घरी नेणार असाल तर कर तोच पंधरा हजार, वर अकाउंटंटचं बिल.

‘मग डिव्हिडंड घेतो,’ असं पुढचं वाक्य असतं. हिशेब करा. चाळीसच्या टप्प्यातले १,००० युरो पगार म्हणून घेतले तर ४० टक्के, ३ टक्के यूएससी आणि ४.२ टक्के पीआरएसआय जाऊन ५२८ हातात पडतात. तेच हजार आधी साडेबारा टक्के भरून डिव्हिडंड म्हणून घेतले तर ८७५ वर तेवढाच कर बसून ४६२ उरतात.

कंपनी परवडते ती पैसे आत ठेवता येत असतील तर. घरखर्च चाळीस हजारांत भागतो आणि बाकीचे धंद्यात गुंतवायचे आहेत, किंवा पेन्शनला टाकायचे आहेत, अशा माणसाने जरूर काढावी. पेन्शनचा फरक मोठा आहे. तिशीतल्या सोल ट्रेडरला उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंतच सूट मिळते, तर कंपनी ही नोकरी देणारी म्हणून डायरेक्टरच्या पीआरएसएत (वैयक्तिक पेन्शन खात्यात) त्याच्या पगाराच्या १०० टक्क्यांपर्यंत भरू शकते. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्या कंपन्यांनी मात्र जपून. व्यावसायिक सेवेचा नफा नुसता आत साठवला तर त्याच्या निम्म्यावर १५ टक्के सरचार्ज लागतो.

एक डायरेक्टर ईईएत (युरोपियन इकॉनॉमिक एरियात) राहणारा लागतो. राहणारा, पासपोर्ट कुठलाही चालतो, त्यामुळे डब्लिनकर भारतीयाला अडचण नाही. डायरेक्टर एकच असेल तर सेक्रेटरी वेगळा हवा, बहुतेकांची बायको किंवा नवरा ती खुर्ची सांभाळतात. वार्षिक रिटर्न चुकलं तर १०० युरो आणि पुढे दिवसाला ३.

अम्ब्रेला

सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पुढचं माहीत नाही, आणि क्लायंट सोल ट्रेडर घेत नाही, अशा वेळी पीएवायई अम्ब्रेला, म्हणजे तुम्हाला आपल्या पगारावर ठेवणारी मधली कंपनी, बरी. महिन्याची फी देऊन पगाराची चिठ्ठी हातात येते. पण मालकाचा पीआरएसआय (ऑक्टोबर २०२५ पासून ११.२५ टक्के) तुमच्याच दरातून कापला जातो, म्हणून दर ठरवतानाच तो धरा. बदल्यात नोकरदारांचा क्लास ए मिळतो. आजारी पडलात तर इलनेस बेनिफिट क्लास ए ला आहे, क्लास एस ला नाही. मला एकदा पाठदुखीनं तीन आठवडे झोपवलं तेव्हा हा फरक नीट समजला. पेन्शन आणि मातृत्व लाभ मात्र दोन्हींत येतात.

आणि क्लायंट एकच असेल, वेळ तोच ठरवत असेल, लॅपटॉपही त्याचाच असेल, तर तुम्ही खरंच फ्रीलान्सर आहात का, हे तपासा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने डॉमिनोजच्या डिलिव्हरी ड्रायव्हरांना करापुरतं कर्मचारी ठरवलं. करारावर काय लिहिलंय यापेक्षा काम कसं चालतं, हे त्या निकालातल्या पाच पायऱ्यांच्या कसोटीत बघतात.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

जोडीनं कर भरत असाल तर एकाच्या पगारावर २० टक्क्यांचा टप्पा ५३,००० पर्यंतच जातो, पुढचे ३५,००० दुसऱ्याच्या स्वतःच्या कमाईलाच मिळतात. त्यामुळे दोघांपैकी कमी कमावणाऱ्यानं फ्रीलान्स करणं कराच्या दृष्टीनं फायद्याचं पडतं.

दुसरं, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज. इथे राहता पण डोमिसाइल (कायद्याच्या दृष्टीनं कायमचं घर) अजून भारताचं आहे, तर ती मिळकत आयर्लंडमध्ये आणल्यावरच इथे कर लागतो, आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट दोन्ही देशांच्या करारानुसार मागता येतं. घराच्या डिपॉझिटसाठी ते व्याज डब्लिनच्या खात्यात वळवण्याआधी मात्र कुणाला तरी विचारा.

अकाउंटंट लावायचाच असेल तर पहिल्या वर्षी लावा आणि फॉर्म ११ भरताना त्याच्या शेजारी बसा. सोल ट्रेडरला पुढची वर्षं स्वतःला जमतात. रॉसचं डिजिटल सर्टिफिकेट तेवढं पेनड्राइव्हवर ठेवा. ते ब्राउझरमध्ये राहतं, आणि मी एकदा शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हिस्टरी साफ केली होती.