सोळा जीबीचा प्लेअर आणि त्यात कधीच नसलेली जागा

कमी किमतीत भरपूर जागा देणारा म्युझिक प्लेअर, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा अशी माझी विनंती आहे. घटना २००८ च्या दिवाळीतली आहे. परंतु ज्या युक्तीने मला फसवले गेले ती आजही चालते, फक्त वेष्टनावरचे आकडे सोळा जीबीवरून एक-दोन टीबीपर्यंत गेले आहेत.

मला प्लेअर हवा होता तो मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहणाऱ्या माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ पाठ होत्या. तिचे वय झाले होते आणि त्या ओव्या तिच्याच आवाजात जपून ठेवाव्यात असे घरातल्या सर्वांनाच वाटत होते. शिवाय वडिलांचा भजने आणि नाट्यगीते यांचा संग्रह कॅसेटवरून संगणकावर घेतलेला होता. तोही त्याच यंत्रात बसला तर वडिलांची सोय होणार होती.

त्यामुळे बाजारातले प्लेअर मी बारकाईने तपासून पाहिले. आयपॉड नॅनो दिसायला देखणा होता आणि एकदा चार्ज केल्यावर चोवीस तास गाणी ऐकवण्याचा त्याचा दावा होता. मात्र त्यात रेडिओ नव्हता, ध्वनिमुद्रणासाठी वेगळा माइक घ्यावा लागे आणि गाणी भरायची तर संगणकावर आयट्यून्स हा प्रोग्रॅम वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. क्रिएटिव्ह झेनमध्ये माइक आणि रेडिओ दोन्ही होते, वर एसडी कार्ड घालायची सोयही होती, जरी कार्डावरची गाणी मुख्य यादीत न मिसळता वेगळी दिसत. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपचा पडदा अगदी लहान होता आणि त्यावर व्हिडिओ दिसत नसे. पण माझ्या कामाला लागणारा माइक त्यात होता. या सगळ्यांची रकाने पाडून मी यादी केली होती आणि ती घेऊनच बाजारात गेले.

दुकानदाराने यादी शांतपणे वाचली आणि काचेखालून चौथेच यंत्र काढले. “ताई, यात सगळंच आहे. सोळा जीबी, रेडिओ, रेकॉर्डिंग, व्हिडिओ, आणि किंमत या सगळ्यांच्या निम्मी.” खोक्यावर कंपनीचे नाव नव्हते, नुसतेच ‘एमपी ४ प्लेअर’ असे छापलेले होते. त्याने ते संगणकाला जोडून दाखवले, तेव्हा पडद्यावर १४.९ जीबी असा आकडा आला. तो आकडा संशयास्पद नव्हता, कारण कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज त्याहून मोठे माप लावते आणि त्यामुळे अस्सल सोळा जीबीसुद्धा १४.९ इतकेच दिसते. मी तिथेच दोन वाक्ये बोलून मुद्रण करून पाहिले. ते स्वच्छ ऐकू आले. माझ्या यादीतल्या प्रत्येक रकान्यात हे यंत्र इतरांना मागे टाकत होते.

घरी येऊन वडिलांचा संग्रह त्यात भरला. सुरुवातीच्या फोल्डरांतली भजने उत्तम वाजत होती. मग गावी जाऊन आत्याच्या ओव्या मुद्रित केल्या. ती तासन्तास गात राहिली. मध्येच थांबून कोणती ओवी कोणाकडून शिकली तेही सांगत होती. यंत्राच्या यादीत प्रत्येक मुद्रणाचे नाव आणि त्याची लांबी दिसत होती. परत आल्यावर ती मुद्रणे संगणकावर घेताना लक्षात आले की एकही वाजत नाही. काही फायली उघडतच नव्हत्या, ज्या उघडल्या त्यांत नुसती खरखर होती. वडिलांच्या संग्रहातली पुढची नाट्यगीतेही तशीच निघाली. ती संगणकावर होती म्हणून वाचली. ओव्या मात्र दुसरीकडे कुठेच नव्हत्या. पुढे पुन्हा मुद्रण करायला बसलो, तेव्हा त्यांतल्या कितीतरी तिला आठवल्या नाहीत. यंत्राचे पैसे गेले याचे मला फारसे दुःख नाही. या ओव्या गेल्या याचे आजही आहे.

ही फसवणूक कशी होते ते नीट समजून घ्यावे. मेमरीच्या चिपसोबत एक नियंत्रक असतो आणि ‘जागा किती?’ या संगणकाच्या प्रश्नाला तोच उत्तर देतो. या नियंत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून प्रत्यक्षात दोन जीबी असताना त्याला सोळा सांगायला लावतात आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. दोन जीबी भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर लिहिलेली माहिती कुठेच साठत नाही किंवा आधीच्या माहितीवरच लिहिली जाते. फायलींची नावे आणि आकार यांची नोंद मात्र बहुधा मेमरीच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून यादी शाबूत दिसते. दुकानातले मुद्रण यशस्वी झाले, कारण तेव्हा यंत्र रिकामे होते.

तक्रार घेऊन गेले तेव्हा दुकानदार आधी “फॉरमॅट मारून बघा” म्हणाला, मग माझ्या संगणकात व्हायरस असेल म्हणाला. शेवटी त्याने तसलेच दुसरे यंत्र देऊ केले, ते मी घेतले नाही. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर ‘एमपी ४, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. सोळा जीबी हा शब्द कुठेही नव्हता.

दोन प्लेअरांची तुलना करताना कोणता आकडा कोणी दिला आहे हे आधी पाहावे. नाव आणि पत्ता असलेल्या कंपनीने छापलेला आकडा आणि निनावी खोक्यावरचा आकडा एकाच यादीत शेजारी लिहिले, तर खोटे बोलणाराच दरवेळी जिंकतो. ‘एमपी ४’ या नावालाही भुलू नये. अशी अनेक स्वस्त यंत्रे एमपी ४ फायली वाजवतच नाहीत, सोबतच्या सीडीवरच्या प्रोग्रॅमने व्हिडिओ आधी एएमव्ही या प्रकारात बदलावा लागतो. बॅटरीचे तासही कशाचे आहेत ते विचारावे, कारण चोवीस तास गाणी ऐकवणारा नॅनो व्हिडिओ मात्र चारच तास दाखवत असे.

जागेची खात्री करायची असेल तर यंत्र काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहण्यावाचून पर्याय नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम नेमके हेच करतात. याला काही तास लागू शकतात, म्हणून दुकानात ते शक्य नसते. तेव्हा पक्क्या बिलावर कंपनी, मॉडेल आणि जागा लिहून घ्यावी, परत घेण्याची अटही लिहून घ्यावी आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत मोलाचे काहीही त्यात ठेवू नये. चाचणीत खोट निघाली तर निकालाच्या पडद्याचे छायाचित्र, बिल आणि खोके जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, वस्तू परगावच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेली असली तरीही, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क पडत नाही.